कँडिडेट आणि हळदीचा डाग

पांढऱ्या कपड्याचा दरारा मला कधी वाटला नाही. उभं आयुष्य मी पांढरे कपडे भट्टीत घातले, दगडावर आपटले, निळीतून काढले, खळ देऊन ताठ केले. कपड्याच्या पांढरेपणात घालणाऱ्याचा वाटा फक्त मळवण्यापुरता असतो. तरी पांढरा सदरा समोरून आला की लोक रस्ता सोडतात, खुर्ची पुढे करतात, आणि आत कोण आहे ते नंतर बघतात. हा मूर्खपणा आपल्याच लोकांचा आहे असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. तो दोन हजार वर्षं जुना आणि साता समुद्रापलीकडचा आहे, हे मला एका वकिलानं सांगितलं. त्या वकिलाचे कपडे मी धूत असे.

गोष्ट सांगलीतली. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होऊन गेलं होतं. मी वीस वर्षांचा. माझं गाव वाईच्या वरच्या अंगाला, डोंगरात. मराठी तिसरी अर्ध्यावर सोडून मी गुरांमागे गेलो, गुरांमागून भावाच्या बोलण्याला कंटाळून साताऱ्याला, आणि तिथून कुणीतरी सांगितलं म्हणून सांगलीला. सांगलीत नदीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक लाँड्री होती. मालक मुसलमान, वयस्कर. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. "चोरी करतोस?" मी म्हटलं, न्हाई. "इस्त्री येती?" मी म्हटलं, न्हाई. "मंग एकच गोष्ट शिकवायची राह्यली," असं म्हणून त्यांनी मला भट्टीवर घेतलं. सहा महिने जेवणावर उमेदवारी केली, पुढं पगार सुरू झाला. चाचींच्या हातची भाकरी मी तीन वर्षं खाल्ली. त्या माणसांचे उपकार सांगायला बसलो तर हे लिहिणं तिथंच संपेल.

घरी मी कळवलं होतं की कापडाच्या कारखान्यात आहे. कुणब्याचा पोरगा लोकांची धोतरं आपटतो हे कळलं असतं तर भावानं वेशीत उभा केला नसता. त्यामुळे ही जागा गेली तर जायचं कुठं, हा घोर मला रोज सकाळी कोळसे पेटवताना लागायचा. चाचा नुसते खोकले तरी माझ्या हातातली इस्त्री थांबायची.

त्या काळी कापडावर कंट्रोल होता. कूपनावर मिळायचं ते मांजरपाट, तेही घरातल्या माणसांना पुरायचं नाही. एक धड पांढरा सदरा असलेला माणूस दहा घरांत एखादा. म्हणून गावातल्या बाकीच्या लाँड्र्यांनी एक रीत पाडली होती. गिऱ्हाइकाचा धुतलेला कपडा परत द्यायच्या आधी एक दिवस दुसऱ्याला घालायला द्यायचा. कुणाला पोरगी बघायला जायचं असायचं, कुणाला कोर्टात उभं राहायचं असायचं. संध्याकाळी कपडा परत येई, पुन्हा इस्त्री होई, आणि मालकाच्या अंगात जाई. नवरदेवाच्या अंगावर आपलाच सदरा बघून अक्षता टाकून आलेले लोक सांगलीत होते. गळपट्टीच्या आत कपडा कुणाचा ते सांगणारी बिब्ब्याच्या शाईची खूण असे, पण दुसऱ्याची गळपट्टी उलटून कोण बघतो?

आमच्या लाँड्रीत मात्र हे चालत नव्हतं. चाचांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "गिऱ्हाइकाचं कापड म्हंजे अमानत. एक दिस जरी दुसऱ्याच्या अंगात गेलं तर तुजी वळकटी उचलायची आन वाईची गाडी धरायची. मी दुसऱ्यांदा सांगत न्हाई."

आता वकिलाकडे येतो. हे गृहस्थ अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले. लढाई चालू असताना ते गोऱ्या साहेबांबरोबर चहा पीत, आणि वारं फिरल्याचा वास येताच सगळ्यांच्या आधी खादीत शिरले. नगरपालिकेची निवडणूक लागली आणि ते उभे राहिले. रोज कपडे आणि रोज तक्रार: अजून पांढरा हवा. एक दिवस चाचा त्यांना म्हणाले, "उमेदवारसाहेब, परवा नेऊन देतो."

वकील दुकानाच्या फळीला टेकले. "उमेदवार तुमच्या भट्टीवर असतात, चाचा. मी कँडिडेट आहे."

"त्यात काय फरक हाय जी?"

फरक सांगायला त्यांना कुणीतरी हवंच होतं. रोमन नावाचे लोक होते म्हणाले, इंग्रजांच्याही आधीचे, इंग्रजांना शहाणपण शिकवणारे. त्यांच्यात कुणाला सरकारी जागेसाठी उभं राहायचं असलं की तो पांढराशुभ्र झगा घालून बाजारात हिंडे. पांढऱ्याला त्यांचा जो शब्द होता, त्यावरून झाला कँडिडेट. पांढऱ्या कपड्यातला माणूस. जळणारी कँडल त्याच कुळातली. आणि कँडिड म्हणजे मनात एक बाहेर एक नसलेला, तोही तिथलाच.

"त्येंचा झगा लोकरीचा आसंल," चाचा म्हणाले. "लोकर आमच्या सदऱ्यासारकी पांढरी हुईत न्हाई."

"म्हणून तर ते वरून खडू घासायचे," वकील खूष होऊन म्हणाले. "खडूची पूड. उन्हात असा झळकायचा की लांबून ओळखू येई, कँडिडेट आला. तुम्हाला नीळ आहे, सोडा आहे, साबण आहे, तरी माझा सदरा दुधासारखा निघत नाही."

चाचांनी विचारलं, "आन खडू घासणाऱ्याला काय म्हणत्यात इंग्रजीत?"

"त्याला कशाला शब्द लागतो? असेल कोणी गुलाम."

वकील गेले. चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का रं? तुला शब्द न्हाई."

त्या दिवशी ही विद्या मला फार मोठी वाटली, खोटं कशाला सांगू. तिसरी अर्धी झालेल्या माणसाला कुठलाही शब्द कुठून आला हे कळलं की आपण घराच्या पायाखाली डोकावून आल्यासारखं वाटतं. पण इस्त्री करता करता ती मनात आंबत गेली. आपला शब्द उमेदवार. त्यात उमेद आहे. ती मुसलमानी बोलीतून आली असली तरी आता आपल्या घरची आहे. तो शब्द माणसाच्या आत काय चाललंय ते बघतो. भट्टीवर फुकट राबणारा मी उमेदवार, पोस्टात चिकटायला धडपडणारा उमेदवार, आणि मतं मागणाराही उमेदवारच. त्यांचा शब्द बघतो काय, तर झगा. एवढी राज्यं केली, एवढे कायदे लिहिले, आणि माणूस निवडायची वेळ आली तेव्हा परटाचं काम तपासलं. आणि आमचे वकील, घरात उमेदीचा शब्द असताना, त्या झग्याच्या शब्दासाठी फळीला टेकून भांडत होते.

ह्यानंतर चार-पाच दिवसांनी माझ्या गावचा एक गडी दुकानात आला. फौजेत होता, लढाई संपल्यावर त्याला कमी केलं होतं. अंगात तीच खाकी, गुडघ्यावर विरलेली.

"गड्या, साताऱ्याला कचेरीत शिपायाची जागा निघालीया," तो म्हणाला. "मंगळवारी बोलावलंय. खाकीत गेलो की साहेब म्हणतोय, लढाई संपली, घरला जा. तीन ठिकानी असंच झालं बग."

"मग मी काय करू?"

"एक पांढरा सदरा दे. मंगळवारी सांजच्याला आणून देतो. घामसुदिक येऊ द्यायचा न्हाई."

मी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा मागितला नाही. फळीवर हात ठेवून म्हणाला, "तुजं बरं हाय. तू कारखान्यात लागलास." गावाकडं मी काय सांगितलंय हे त्याला ठाऊक होतं, आणि समोर भट्टी दिसत होती. त्यात टोमणा होता की दया, मला आजही सांगता येत नाही. मी आत गेलो आणि वकिलाचा नवा सदरा काढून दिला. गड्याला तो ढगळ होणार होता, तरी वकिलाचाच का? त्यांचे कपडे गुरुवारी द्यायचे होते, हे एक. दुसरं असं की एका दिवसापुरता तरी तो सदरा खऱ्या उमेदवाराच्या अंगात जावा असं मला वाटलं. शहाणपणाच्या नावाखाली माणूस काय काय करतो.

मंगळवारी चाचा सोडा आणि साबण आणायला मिरजेला गेले होते. मी एकटा. साडेनऊला वकिलाचा माणूस धावत आला. "सदरा द्या. साहेब आजच फॉर्म भरतायत. बाराला मिरवणूक निघणार."

"गुरुवारी म्हटलं होतं की."

"गुरुवारी दुसरा कोणीतरी भरतोय म्हणून आज. तुला काय करायचंय? अकरापर्यंत घरी पोचव."

सदरा साताऱ्यात होता. दुसऱ्या कुणाचा द्यावा तर वकिलाच्या मापाचा माणूस सांगलीत नव्हता. राहिला होता त्यांचाच जुना सदरा. भाचीच्या लग्नात बायकांनी उष्टी हळद त्यांच्या पाठीवर थापली होती, अख्ख्या पंजानं, मनापासून. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. उन्हात टाकली की दोन दिवसांत उडून जाते. पण आठ दिवस आभाळ भरलेलं, ऊन नावाला नव्हतं, आणि तो सदरा पाठीवर विटकरी रंगाचा पंजा घेऊन दोरीवर लोंबत होता.

तेव्हा मला रोमन आठवले. शेजारच्या शाळेच्या गड्याकडून मी खडूचे चार तुकडे आणले, वरवंट्यानं वाटले, दाट खळीत कालवले, आणि तो लगदा डागावर दोनदा लिंपून वरून इस्त्री फिरवली. पाठ पुठ्ठ्यासारखी झाली, पण पांढरी झाली. सदरा मी स्वतः नेऊन दिला. वकिलांनी तो अंगात घातला, आरशात बघितलं आणि म्हणाले, "आज कुठं जरा दुधासारखा निघालाय."

मिरवणूक आमच्या रस्त्यावरूनच गेली. पुढे ताशा, मागे वकील, हात जोडलेले, मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. हार एवढे की हनुवटी दिसत नव्हती. ओले हार, वरून गुलाबपाणी, आणि कोपऱ्यावर येताच भुरभुर सुरू झाली. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. त्यांच्या पाठीवरून आधी दुधाचे ओघळ आले, मग पाठ गुलाबी झाली, आणि मग तो विटकरी पंजा हळूहळू वर आला.

कोपऱ्यावर एका तांबोळ्याचं पानाचं दुकान होतं. मिरवणूक बघायला तो फळीवर चढून बाहेर वाकला होता, आणि त्याचं तोंड रोजच्यासारखं पानानं भरलेलं होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "थुंकला. साहेबांच्या पाठीवर थुंकला." त्या तांबोळ्यानं तोंडातला विडा सांभाळत दोन्ही हात हलवून नाही नाही केलं, आणि त्या भानगडीत एक लाल थेंब त्याच्या हनुवटीवर आला. तेवढं पुरलं. लोकांनी त्याला खाली ओढला, दुकानाच्या फळ्या उचकटल्या, पानाच्या टोपल्या गटारात गेल्या. शिपाई त्याला चौकीवर घेऊन गेले.

वकिलांनी काय केलं? पाठीला हात लावून हात बघितला, आणि तिथंच एका बैलगाडीवर चढले. "माझ्या पांढऱ्या कपड्यावर त्यांनी डाग टाकला," ते म्हणाले, "पण माझ्या मनावर टाकता येणार नाही." आधी त्यांची भाषणं ऐकताना लोक तंबाखू मळत असत. त्या दिवशी बायका डोळे पुसत होत्या. फॉर्म त्यांनी त्याच सदऱ्यात भरला. दुसऱ्या दिवशीच्या सभेत तो काठीला अडकवून व्यासपीठावर उभा केला होता, पाठ लोकांकडे करून. रोज अजून पांढरा हवा म्हणणारा माणूस आता डाग मिरवत होता.

माझ्या गावचा गडी मंगळवारी संध्याकाळी नवा सदरा घेऊन आला. जागा मिळाली का विचारलं तर म्हणाला, "शिपायाची न्हाई. रखवालदाराची दिली. उद्याच्याला खाकी देनार हायत." सदरा त्यानं कागदात गुंडाळून आणला होता, खरंच घाम नव्हता.

मी कुणालाच काही बोललो नाही. बोललो असतो तर जागा जाणार होती. तांबोळी चौकीत होता, त्याची बायको पोराला काखेत घेऊन चौकीच्या पायरीवर बसलेली मी येता जाता बघत होतो, आणि तरी बोललो नाही. स्वतःची लाज वाटून घेण्यापलीकडे त्या दोन दिवसांत मी काही केलं नाही.

तिसऱ्या दिवशी वकील एक लिहिलेला कागद घेऊन दुकानात आले. धुऊन देताना सदरा स्वच्छ पांढरा होता, त्यावर कसलाही डाग नव्हता, असं चाचांनी लिहून द्यायचं. खटला पक्का करायला तेवढंच कमी होतं.

"देतो की," चाचा म्हणाले. "माझ्या दुकानातनं डाग घिऊन कापड जात न्हाई, ह्ये सगळ्या गावाला ठावं हाय." त्यांनी अंगठा शाईला लावला.

चाचा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. माझ्यामुळे त्यांचा अंगठा खोट्यावर उठणार होता. "चाचा, थांबा," मी म्हटलं. फडताळातला नवा सदरा काढून फळीवर ठेवला, गळपट्टी उलटून खूण दाखवली, आणि सगळं सांगितलं. साताऱ्याचं, हळदीचं, खडूचं. वकिलांसमोरच सांगितलं, कारण ते गेल्यावर सांगायचं धाडस मला झालं नसतं.

वकील चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हळद असेल. भाचीचं लग्न मीच लावलं. पण आता लोकांच्या मनात जे बसलंय ते बसलंय. तुम्ही कागद द्या, पोराला मी सांभाळतो."

म्हणजे ते पहिल्या दिवसापासून जाणून होते. मनात एक बाहेर एक नसलेला माणूस तो.

चाचांनी अंगठा फडक्याला पुसला. आत जाऊन चाचींकडून दोन लिंबं घेतली आणि मला म्हणाले, "चल." एवढंच. चौकीवर फौजदार होता. पुरावा म्हणून सदरा तिथं आणून ठेवलेला. मी हळदीचं, खडूचं पुन्हा सगळं सांगितलं. चाचा म्हणाले, "साहेब, ह्यो पानाचा डाग न्हाई. माझ्या भट्टीचा हाय. बघा." त्यांनी तांबोळ्याला पुढे बोलावलं, शिपायाकडचं पान त्याला खायला लावलं, आणि सदऱ्याच्या कडेला त्याची एक पिंक घेतली. मग दोन्ही डागांवर लिंबू पिळलं. पानाचा होता तो नुसता मळकट झाला. पाठीवरचा पंजा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळाधमक झाला, नवरीच्या अंगावर असतो तसा. त्यावर साबण चोळला, पुन्हा लाल. लिंबू, पुन्हा पिवळा. फौजदार दोनदा म्हणाला, "परत करा बघू." तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच्या हातानं पिळलं.

तांबोळ्याला सोडलं. तो बाहेर आला, बायकोशेजारी पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "तू व्हय त्यो खडूवाला? तीन दिस झालं तोंडात पान न्हाई. आन दिलं त्ये थुकायला लावलं." मी त्याच्या दुकानाच्या फळ्या ठोकून दिल्या. तेवढ्यानं काही भरून निघालं असं नाही.

वकील निवडून आले. पोलीस फितूर झाले, लिंबू फितूर झालं, असं ते सांगत राहिले आणि लोकांना ते पटत राहिलं. ज्यांचे सदरे आमच्याकडे येत ते एकेक करून दुसऱ्या लाँड्रीत जाऊ लागले. तिथं आपला सदरा दुसऱ्याच्या अंगात जातो हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्याला त्यांची हरकत नव्हती. हरकत बोलण्याला होती.

चाचा महिनाभर मला काही बोलले नाहीत, आणि तो महिना मी रोज वळकटी बांधायच्या तयारीनं झोपलो. मग एका सकाळी चहा पुढे सरकवून म्हणाले, "मी दुसऱ्यांदा सांगत न्हाई म्हणलो हुतो."

"व्हय."

"मंग आता सांगायला लावू नगंस." पुढं म्हणाले, "हुबळीला माझा साडू हाय. त्येची बी लाँड्री हाय. त्येला मी कागद धाडत न्हाई. तू गेल्या गेल्या तुज्या तोंडानं सांग, काय केलंस आन काय झालं. ठिवून घेतलं तर रहा."

"आन न्हाई ठिवून घेतलं तर?"

"तर खोटं बोलून राह्यला न्हाईस, एवढं तरी हुईल."

चाचींनी भाकऱ्या बांधून दिल्या. मी मिरजेहून गाडी धरली. हुबळीत उतरलो तेव्हा मला कानडीचा एक शब्द येत नव्हता. साडूंनी फळीमागून माझं सगळं ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग भट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, लुगडी आणि रंगीत कपडे तुझ्याकडे, पांढऱ्याला वर्षभर हात लावायचा नाही.

मी लागलीच हो म्हटलं. पहिल्यांदा हाती आलं ते हिरवं लुगडं, आणि ते मी इतक्या जपून धुतलं की साडू म्हणाले, अरे, जरा जोरानं आपट, फाटत नाही ते.